चार तास, चाळीस सेकंद

"ताई, गाडी हितंच लावा. फुडं रस्ता बंद हाये."

मानसीने करकचून ब्रेक दाबला. खिंडीच्या चढावर, दुसऱ्या वळणावर, एक उंच सावळा मुलगा तिच्या स्कूटीसमोर उभा होता. अंगात पोपटी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी… आणि चेहऱ्यावरचा भाव असा, की अख्खा घाट त्याच्याच सातबाऱ्यावर लागला असावा.

सव्वादहा वाजले होते. शर्यत अकराच्या सुमारास इथून जाणार होती आणि मानसीला माथ्यावर, थेट खिंडीत उभं राहायचं होतं. महिनाभर आधीपासून तिने ती जागा ठरवून ठेवली होती. तिचे वडील सांभाळत त्या बंगल्यावर पाहुणे आले होते, त्यांचा नाश्ता उरकता उरकेना, म्हणून मळवलीतून निघायलाच उशीर झाला. तिने हे सगळं त्या मुलाला सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, थोडं रागावूनही पाहिलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमाला वर जायचंय न्हवं? मंग रस्त्यानं कशाला जाताय?"

वळणाच्या मागून, करवंदीच्या जाळीतून, एक पायवाट सरळ वर चढत होती. त्याच्या वाडीतली माणसं मोळ्या घेऊन त्याच वाटेने येत-जात. रस्त्याला पाच वळणं, वाटेला एकही नाही. सायकली आधी इथे बघा, त्याने समजावलं, आणि त्या वळणं घेत बसतील तोवर पळत वर जा. म्हणजे दोनदा दिसतील.

मानसी त्याच्याकडे बघतच राहिली. फ्रान्सच्या डोंगरांत शर्यतीचे वेडे चाहते नेमकं हेच करतात, हे तिला ठाऊक होतं. या मुलाला ते कुणी सांगितलं असेल?

कुणीच नाही. त्याने फक्त डोंगर पाहिला होता, आणि तिची तगमग.

मानसीचं हे वेड पंधरा वर्षांचं होतं. तिचे वडील हौशीराम मळवलीत एका मुंबईकराचा बंगला सांभाळत. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून बंगल्यातला टीव्ही रोज तासभर चालू ठेवावा लागे, आणि ते काम अकरा वर्षांच्या मानसीकडे होतं. बाहेर भात लावणी चाललेली, आणि आत पडद्यावर फ्रान्समधल्या सूर्यफुलांच्या शेतांमधून दीडशे-दोनशे सायकली रंगीत नदीसारख्या वाहत चाललेल्या. तीन आठवडे, रोज. तासाचे तीन तास कधी झाले, तिचं तिलाही कळलं नाही. आता ती तळेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती, पण जुलै आला की तिचा जीव अजून त्या सायकलींत अडकायचा. मळवलीत याबद्दल बोलायला मात्र कुणी नव्हतं. आणि यंदा जानेवारीत तशीच शर्यत आपल्या जिल्ह्यात येणार होती. पाच दिवस, पाच टप्पे, देशोदेशींचे सायकलपटू. मानसीने पाचही दिवसांची रजा टाकली होती.

आधी मोटरसायकली आल्या. मग क्षणभर काहीच नाही… आणि मग खालून एक आवाज वर आला, शंभर भिंगऱ्या एकदम फिराव्यात तसा. पुढचे सातजण वळणात घुसले, पाठोपाठ सगळा जथ्था. तेलाचा, घामाचा, तापलेल्या रबराचा वास. इतक्या जवळून, की एकाचा श्वास तिच्या मनगटाला लागला. झेंडीवाला शिट्टी वाजवायची विसरूनच गेला होता.

"पळा," तो एकदम म्हणाला. "बघत काय बसलाय… पळा की."

ती पळाली. गुडघा खरचटला, ओढणी काट्यांत राहिली, पण माथ्यावर पोचली तेव्हा पहिला सायकलवाला तिच्या डोळ्यांदेखत शेवटचं वळण चढत होता. मानसी इतकी ओरडली, की शेजारच्या काकूंनी तिला न विचारताच पाण्याची बाटली दिली.

तासाभराने ती खाली आली, तर तो वळणावर तसाच उभा होता आणि तिची ओढणी त्याने दगडाखाली नीट घडी करून ठेवली होती. त्याचं नाव हृतिक. वरच्या आदिवासी ठाकरवाडीत राहायचा, पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या कॅम्पवर काम करायचा, आणि या शर्यतीत बुधवार आणि शनिवार असे दोन दिवस झेंडीचं काम त्याला मिळालं होतं. चांगलं काम केलंस तर कायमचं घेऊ, असं कंत्राटदाराने सांगितलं होतं.

पहिला कोण आला हे ती भरभरून सांगू लागली. हृतिकने ऐकलं आणि विचारलं, "आन शेवटचा कोन व्हता?"

हे मानसीला माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत तिने शेवटच्याचा विचारच केला नव्हता.

"शहाऐंशी नंबर," हृतिक म्हणाला. "पोरगेला हाये पार. लालबुंद झालता. माज्याकडं बघून हसला, तशातबी."

मानसीने मोबाइलवर निकाल काढला. शहाऐंशी नंबर… तानेल नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा, एस्टोनियाचा. खरंच शेवटचा होता. दोघं त्या नावाकडे बघत राहिले आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की आजपासून हा आपला.

उद्या ती मुळशीकडे जाणार होती, परवा पुरंदरला. हृतिकने सहज विचारावं तसं विचारलं, की किती वाजता निघणार. मानसीने सहज सांगावं तसं सांगितलं, की सहाला. मग दोघंही थोडा वेळ झेंडीकडे बघत राहिले.

*

गुरुवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. हृतिक मळवलीच्या पुलाशी कानटोपी घालून उभा होता, हातात फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकरी आणि ठेचा. त्याच्या आईने पाचजणांना पुरेल इतकं दिलं होतं. शर्यत बघायला चाललोय म्हटल्यावर तिला वाटलं, पोरगा शर्यतीत पळायलाच चाललाय.

मुळशीच्या रस्त्यावर एका आंब्याखाली त्यांनी जागा धरली. आंबा मोहरला होता आणि ऊन चढेल तसा त्याचा वास खाली उतरत होता. सायकली यायला चार तास होते. मानसीने त्याला सगळं शिकवलं — जथ्थ्यात मागे राहिलं की वारा कसा लागत नाही, म्होरक्यासाठी बाकीचे कसे झिजतात, घाट सर्वांआधी चढणाऱ्या 'घाटाच्या राजा'चे गुण कसे धरतात. सगळ्यांत शेवटी एक गाडी असते, दमून थांबलेल्यांना गोळा करत येणारी. तिला झाडूगाडी म्हणतात, हे ऐकून तो खूप हसला. त्याने तिला करवीचं झुडूप आठ वर्षांनी कसं फुलतं ते सांगितलं, आणि तंबूत राहायला आलेले पुणेकर काजव्यांना बॅटरी लावून कसे शोधतात तेही. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर. हे मानसीच्या लक्षात आलं, आणि आपल्या हे लक्षात आलंय याची तिला उगाच लाज वाटली.

सायकली आल्या आणि गेल्या. शहाऐंशी नंबर सर्वांत मागून आला. दोघांनी त्याच्या नावाने असा काही गजर केला, की तो दचकलाच.

"चाळीस सेकंद," मानसी सुस्कारा टाकून म्हणाली. "चार तास थांबायचं आणि चाळीस सेकंदांत सगळं संपतं. लोक म्हणतात, यात बघण्यासारखं काय आहे."

हृतिक फडकं झटकत होता. मान वर न करता म्हणाला, "मला तर ते चार तासच आवडले."

परत येताना स्कूटी ती चालवत होती, म्हणून बरं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

शुक्रवारी पुरंदरच्या चढावर शहाऐंशी नंबरने त्यांना लांबूनच ओळखलं. वर जाताना त्याने आपली रिकामी बाटली नेमकी हृतिकच्या हातात टाकली. हृतिकने ती दोन्ही हातांनी धरली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग तिच्यापुढे केली.

"घ्या ताई. तुमची हाये ही. तुमी शिकवलं."

"हृतिक," मानसी म्हणाली, "मला ताई म्हणायचं नाही."

"मंग काय म्हनू?"

"नाव आहे मला."

त्याने नाव घेऊन पाहिलं, अगदी हळू, जिभेवर पहिल्यांदा काही ठेवून पाहावं तसं. मग मान दुसरीकडे वळवली.

संध्याकाळी परतताना मात्र तो गप्प गप्प होता. मानसीने दोनदा विचारल्यावर म्हणाला, की उद्या काम आहे आणि परवा शर्यत संपेल. ती म्हणाली, शर्यत संपली म्हणून काय झालं. त्यावर तो जे बोलला, ते तिच्या पाठीमागून, वाऱ्यात अर्धं विरत तिच्यापर्यंत आलं.

"मी वाडीवरच्या नवसू ठाकराचा पोर. तुमी गावातली मान्सं. चार दिस गाडीवर बसलो त्ये ठीक हाये… फुडचं आपल्याला कळत न्हाई व्हय?"

मानसीने नुसता गाडीचा वेग वाढवला. घरी गेल्यावर मात्र रागाने दहा उत्तरं सुचली, आणि त्यातलं एकही द्यायला तो समोर नव्हता.

*

शनिवारी शर्यत पुन्हा खिंडीतून जाणार होती, पण उलट्या दिशेने. म्हणजे हृतिकचं वळण आता उताराच्या पायथ्याशी आलं होतं. मानसी माथ्यावर उभी राहिली. हृतिकने सकाळी फोन करून सुचवलं होतं, की दोघांनी सायकली मोजायच्या, तिने वर आणि त्याने खाली. कालच्या बोलण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. मोजायचं ठरलं, तेवढंच बरं वाटलं.

त्या दिवशी एक नवल झालं. शहाऐंशी नंबर शेवटचा नव्हता. मागच्या बाराजणांना टाकून तो एकटाच माथ्यावर आला, लालबुंद, दात विचकून हसत. त्याच्या मागे तीन मिनिटं रस्ता रिकामा होता. मानसी नाचलीच. उताराला लागताना त्याने हात वर केला आणि वळणाआड गेला. मग मागचे बारा आले, मग झाडूगाडी, मग सगळं शांत झालं.

तिने फोन लावला. "चौऱ्याण्णव. आणि आपला कुठे होता, बघितलंस ना?"

"माजे त्र्याण्णव," हृतिक म्हणाला. "आन आपला आलाच न्हाई. मला वाटलं, वरच थांबला आसंल. झाडूगाडी रिकामी गेली, मी आत बघितलं."

गर्दीत आपलीच मोजणी चुकली असेल, असं मानसीच्या मनात आलं आणि ती ते बोलूनही गेली.

"तू न्हाई चुकत," तो म्हणाला. इतकं साधं, की जणू सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगत होता. "तू वरनं ये. मी खालनं निगतो."

पण निघणं सोपं नव्हतं. त्याचा मुकादम शेजारीच होता. वायरलेसवर सगळे गेल्याचा निरोप आला होता, आणि रस्ता उघडेपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही असा हुकूम होता. हृतिकने त्याला दोनदा नीट समजावून सांगितलं. मुकादम म्हणाला, की दोन हौशी पोरांच्या मोजणीवर शर्यत चालत नाही, आणि जागा सोडलीस तर पुढच्या कामाचं विसर. हृतिकने झेंडी त्याच्या हातात दिली आणि चढाला लागला.

मानसी वरून उतरत होती, प्रत्येक वळणावर थांबून खाली वाकून बघत, "तानेल, तानेल" अशा हाका मारत. रुग्णवाहिकेसाठी एकशेआठला फोन करून झाला होता. रस्त्यावर ना काच, ना डाग, ना घसरल्याची खूण. तिसऱ्या वळणावर तिला हृतिक भेटला, धापा टाकत. तो रस्त्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर कडेच्या वाळलेल्या करवीवर होती.

"थांब," तो म्हणाला. "त्ये बघ."

तपकिरी करवीत एका जागी काड्या मोडल्या होत्या, आणि मोडलेल्या टोकांचा पांढरा गाभा दिसत होता. ताजा. हृतिक बसून घसरत खाली गेला, आणि त्याच्या मागे ती.

वीस हात खाली, एका झाडाच्या बुंध्याशी, तानेल पडला होता. डोळे उघडे होते पण नजर स्थिर नव्हती. एक खांदा विचित्र वळला होता आणि मांडीतून रक्त येत होतं. हृतिकने जाकीट काढलं, त्याची घडी केली आणि मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली. मानसीने तानेलचं डोकं हलू दिलं नाही. तिला नोकरीपुरतं इंग्रजी येत होतं, तेही त्या क्षणी निम्मं पळून गेलं. पण मुलाने विचारलं ते तिला कळलं. तो विचारत होता, मी शेवटचा आहे का.

"नाही," मानसीने सांगितलं. "आज नाही." आणि मग पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, कारण ते ऐकून तो डोळे उघडे ठेवत होता.

रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांनी आली. तेवढा वेळ हृतिकने हात उचलले नाहीत. त्याचे दंड थरथरायला लागले तेव्हा मानसीने आपला एक हात त्याच्या हातांवर ठेवला आणि जोर लावला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. बघायची गरजही वाटत नव्हती.

*

रविवारी शेवटचा टप्पा पुण्यात होता. दोघं तळेगावच्या इस्पितळात गेले. डॉक्टरांनी सांगितलं, की अजून तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. आता पोरगा धोक्याबाहेर होता, खांद्याला पट्टा, मांडीला टाके, आणि भूक प्रचंड. तिघांनी मिळून मानसीच्या मोबाइलवर शर्यत बघितली. तानेल प्रत्येक सायकलवाल्याबद्दल काहीतरी सांगायचा, मानसी त्याचं मराठी करायची, आणि हृतिक त्यात स्वतःचं असं काही घालायचा, की तिला हसून पुढचं सांगताच यायचं नाही. मध्येच तानेलने त्या दोघांकडे बोट करून काहीतरी विचारलं. मानसी लाल झाली.

"काय म्हनतोय?" हृतिकने विचारलं.

"काही नाही. शर्यतीचंच."

बाहेर आल्यावर ऊन कलायला लागलं होतं. हृतिक म्हणाला, की तो जीपने जाईल, उद्या सकाळी कॅम्पवर हजर व्हायचं आहे. कंत्राटदाराचं काम तर गेलंच होतं. त्याचं त्याला वाईट वाटत होतं, पण फार नाही. तो हे सगळं निरोप घेतल्यासारखं बोलत होता.

मानसीने स्कूटी चालू केली आणि त्याला म्हणाली, "बस."

ती इंद्रायणीच्या काठाकाठाने मळवलीला आली. गावात शिरली, देवळासमोरून गेली, पारावर बसलेल्यांनी माना वळवल्या, तरी थांबली नाही. थेट बंगल्याच्या फाटकातून आत गेली आणि मागच्या आपल्या दोन खोल्यांपुढे तिने गाडी उभी केली. हौशीराम अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. आई, कस्तुराबाई, दारात आली. तिने पोरीचा चेहरा बघितला, मुलाचा बघितला, आणि काही न विचारता चहा टाकायला आत गेली.

हृतिक ओट्याच्या कडेवर, अर्धा बसल्यासारखा बसला. हौशीरामांनी विचारलं, कुणाचा. त्याने सांगितलं, नवसू ठाकराचा. ते "हां" म्हणाले आणि शेंगा सोलत राहिले. नवसूला ते ओळखत होते. त्याने एकदा त्यांचं चुकलेलं वासरू डोंगरातून आणून दिलं होतं. चहा आला. हृतिकने कप हातात धरला, पण पिईना.

"आबा," मानसी म्हणाली. "काल तुम्हाला सांगितलं ना, त्या मुलाला आम्ही शोधलं म्हणून. तेव्हा माझ्याबरोबर होता तो हाच. सगळे म्हणत होते मी चुकले. माझं मलाही तसंच वाटत होतं. याला नाही वाटलं." तिने श्वास घेतला. "मला याच्याशी लग्न करायचंय. म्हणजे… अजून याला विचारलेलं नाही."

अंगणात फक्त एक शेंग फुटल्याचा आवाज झाला.

हृतिक कपाकडे बघत होता. त्याचे कान तांबडे झाले होते. हसू आधी त्याच्या डोळ्यांत आलं, मग ओठांवर.

"मंग इचार की," तो हळूच म्हणाला.

मानसीने विचारलं, आबांसमोर, अगदी नीट. त्याने मान हलवली. मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून तोंडाने "व्हय" म्हणाला, आणि ते इतकं मोठ्याने निघालं, की आत कस्तुराबाईंच्या हातून गाळणी पडली.

हौशीरामांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले, हात झटकले.

"गाव बोलंल," ते म्हणाले. "भावकी बोलंल. माजंबी एकदम व्हय म्हनवत न्हाई, खोटं कशाला सांगू. नवसूला उद्या हिकडं यायला सांग. बसू, बोलू." मग त्यांनी शेंगांची पाटी हृतिकपुढे सरकवली. "तवर ह्या शेंगा सोलायला लाग. आन चा पी आदी… गार झाला."

हृतिकने एका घोटात चहा संपवला आणि खाली जमिनीवर मांडी घातली. मानसी त्याच्याशेजारी बसली. पाटी दोघांच्या मध्ये होती, आणि दोघांचे हात एकाच वेळी एकाच शेंगेकडे गेले.